खिशातील चित्रवहीची परीक्षा

चित्रकलेच्या तासाला शाई फुटली, रंग पसरला किंवा खोडता खोडता कागदाला भोक पडले, तर दोष बहुधा मुलाच्या हाताला दिला जातो. कागदाची चौकशी क्वचितच होते. वास्तविक पुष्कळ प्रसंगी मुलाचा हात बरोबर असतो आणि कागदच त्या कामास नालायक असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलास हे कळणे शक्य नाही. आपल्याला चित्र काढता येत नाही, एवढाच बोध ते मूल त्यातून घेते, आणि एकदा घेतलेला हा बोध सहसा सुटत नाही. यासाठी मुलांच्या हाती चित्रवही देण्यापूर्वी तिची परीक्षा व्हावयास हवी. ती मुलांकडूनच करवून घेतली, तर त्यातून एक चांगला पाठ तयार होतो.

हे काम वर्गशिक्षकावरच येते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीच्या वर्गांना, आणि तोही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तर. शहापूर तालुक्यात डोळखांब-किन्हवलीकडे किंवा मुरबाड तालुक्यात टोकावडे-धसईकडे पाड्यांवरच्या ज्या लहान शाळा आहेत, तेथे चित्रकला, गणित आणि शालेय पोषण आहाराचा हिशेब हे सारे एकाच शिक्षकाच्या माथी असते. त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतलेले नसते. परंतु कागदाची परीक्षा करण्यास चित्रकार असावे लागत नाही. नीट पाहणे व पाहिलेले लिहून ठेवणे एवढे आले म्हणजे पुरे.

येथे विचार करावयाचा आहे तो खिशात मावेल अशा लहान वहीचा. कागदाचे जे प्रमाणित आकार आहेत, त्यांतील ए-6 हा आकार 105 मिलिमीटर रुंद व 148 मिलिमीटर उंच असतो. ही वही अर्ध्या चड्डीच्या खिशात सहज जाते. मुलींच्या गणवेशास बहुधा खिसाच नसतो, ही गणवेश ठरविणाऱ्यांची चूक आहे; त्यांनी ती दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवावी. लहान वहीला कमी लेखण्याचे कारण नाही. जॉन कॉन्स्टेबल या विख्यात इंग्रज निसर्गचित्रकाराने 1813 व 1814 या दोन वर्षांत आपल्या गावाच्या परिसरात हिंडताना वापरलेल्या खिशातल्या चित्रवह्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. नांगर, होड्या, झाडे, शेतावरची माणसे हेच त्यांतील विषय. आणि साधन म्हणाल तर मुख्यतः पेन्सिल. शहापूरच्या मुलाला माहुलीचे सुळके आहेत, मुरबाडच्या मुलाला म्हशाच्या जत्रेतले बैल आहेत. लावणी, आवण, नाचणीचे कणीस, मोहाची फुले यांपैकी काय काढावे हे त्याला सांगावे लागत नाही.

लहान वहीचे खरे महत्त्व मात्र निराळे आहे. या दोन्ही तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल बरोबर गेले, तर त्याची पाठ्यपुस्तके पुष्कळदा घरीच राहतात. खिशातली वही मात्र जाऊ शकते. भट्टीवरचे पाच-सहा महिने, तेथला चिखल, विटांच्या रांगा, ट्रक, धूर, नव्या ओळखीची माणसे हे सर्व तिच्यात उतरू शकते आणि जूनमध्ये वर्गात परत येऊ शकते. परंतु ही वही बोचक्यात दाबली जाणार, घामाने व दवाने ओलावणार, धुळीत पडणार. तेव्हा कोणते साधन त्या कागदावर टिकते आणि कोणते जूनपर्यंत काळ्या धुरकट डागाखेरीज काहीही शिल्लक ठेवीत नाही, हे आधी माहीत असणे अगत्याचे आहे. पुढील कसोट्या याच हेतूने सुचविल्या आहेत.

प्रथम कागद म्हणजे काय ते मुलांस थोडक्यात सांगावे. वनस्पतींचे तंतू पाण्यात कुटून त्यांचा थर दाबून वाळविला की कागद होतो. तंतूंच्या मधल्या फटी पाणी ओढून घेतात. टीपकागद शाई पितो तो यामुळेच. या फटी बुजाव्यात म्हणून लिहिण्याच्या कागदास खळ देतात. ही विद्या आपल्या शेजारचीच आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावापासून नाणेघाटाची वाट वर चढते आणि पलीकडे जुन्नरला उतरते. त्या जुन्नरात कागदी लोक हाताने कागद करीत. पेशवाईच्या काळात दप्तराच्या लिखाणास जुन्नरी कागदाचा मोठा उपयोग होत असे. कागदाला खळ लावून वाळवीत व नंतर गुळगुळीत दगडाने घोटीत. त्यामुळे बोरूची शाई त्यावर फुटत नसे. आजच्या गिरण्यांत लगद्यातच रासायनिक द्रव्ये मिसळून हे काम साधतात. रीत बदलली, हेतू तोच राहिला.

खळीची परीक्षा अगदी सोपी आहे. वर्तमानपत्राचा तुकडा, नेहमीच्या वहीचे पान, चित्रवहीचे पान आणि मिळाल्यास ड्रॉइंगच्या कागदाचा तुकडा असे चार नमुने बाकावर मांडावेत. प्रत्येकावर बोटाने पाण्याचा एकेक थेंब ठेवावा व मुलांनी एकापासून मोठ्याने अंक मोजावेत. वर्तमानपत्रावरचा थेंब मोजणी सुरू होते न होते तोच शोषला जातो. चांगली खळ असलेल्या कागदावर तो मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक वेळ मण्यासारखा उभा राहतो. ज्या चित्रवहीच्या पानात थेंब दहा अंकांच्या आत मुरला, तिच्यावर जलरंगाचे काम होणार नाही, हे तेव्हाच ठरवून टाकावे. दुसरीत अंक मोजणारी मुलेही या कसोटीत भाग घेऊ शकतात.

जाडीची परीक्षा गणिताच्या तासाला घ्यावी. कागदाची प्रत एक चौरस मीटर कागदाच्या वजनावरून सांगतात. ए-6 आकाराची 64 पाने म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. वहीत 32 पाने असतील, तर त्यांचे वजन करून दुप्पट करावे. गावातल्या दुकानदाराच्या काट्यावर ही पाने 30 ग्रॅम भरली, तर कागद 60 ग्रॅमचा, म्हणजे साध्या लिखाणाच्या वहीच्या तोडीचा. 70 ग्रॅम भरली, तर 140 ग्रॅमचा, आणि तो चित्रास चांगला. विकतच्या वहीत पुठ्ठ्याचे वजन मिसळते, त्यामुळे उत्तर थोडे फुगते. म्हणून वही शाळेतच शिवावयाची असेल तर शिवण्यापूर्वी सुटे कागद तोलावेत. ए-3 आकाराचा एक कागद तीन वेळा दुमडून कडा कापल्या की आठ पाने होतात, आणि असे चार कागद म्हणजे 32 पानांची वही. जुन्या दिनदर्शिकेचा जाड कागद वरून घालून मधोमध दोऱ्याने तीन टाके घेतले की काम झाले. अशी वही विकतच्या वहीहून बरी, कारण कागद आपण निवडलेला असतो.

शिवताना एक गोष्ट पाहावी. गिरणीत तयार होताना कागदाचे बहुतेक तंतू एकाच दिशेने झोपतात. बांबू जसा उभा सरळ चिरतो आणि आडवा चिरता चिरत नाही, तसाच कागद एका बाजूने सरळ फाटतो व दुसऱ्या बाजूने वाकडातिकडा. पाणी लागले की तंतू जाडीने फुगतात, लांबीने फारसे वाढत नाहीत. म्हणून ओला कागद एकाच दिशेने वळतो. वहीची शिवण तंतूंच्या दिशेला समांतर असली, तर पावसाळ्यात पाने निदान सरळ मिटतात; आडवी असली, तर शिवणीपाशी लाटा येतात आणि वही कधीच नीट मिटत नाही. एक कोपरा फाडून पाहिला की दिशा कळते.

आता मुख्य परीक्षा. वहीची शेवटची दोन पाने यासाठी राखून ठेवावीत. त्यांस कसोटीची पाने म्हणावे. प्रत्येक पानावर पट्टीने आठ चौकटी आखाव्यात. एका चौकटीत एकच साधन वापरावे आणि तिच्याखाली बारीक पेन्सिलीने साधनाचे नाव व तारीख लिहावी. प्रत्येक चौकटीत तेच तीन प्रकार करावेत: एक बारीक रेघ, एक भरलेला चौकोन आणि खोडरबराने किंवा ओल्या बोटाने घासलेली एक जागा. प्रकार तेच ठेवले नाहीत, तर तुलना होत नाही. मुले येथे हमखास फूल किंवा झेंडा काढू लागतात. त्यांना थोडे आवरावे लागते.

पेन्सिल ही काळे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि माती यांची असते. मातीचे प्रमाण अधिक तर पेन्सिल कठीण, ग्रॅफाइट अधिक तर मऊ. कागदाला थोडा खरखरीतपणा असल्याशिवाय ग्रॅफाइट धरत नाही. चकचकीत पानावर रेघ फिकी येते आणि मूल दाबून लिहू लागते. शाळेतली नेहमीची एचबी पेन्सिल लहान वहीस उत्तम. 4बी सारखी मऊ पेन्सिल दिसावयास सुंदर, पण वही मिटली की तिचे शिसे समोरच्या पानावर उमटते. खोडरबराची कसोटी येथेच घ्यावी. हलक्या कागदावर खोडले की तंतू उठतात. ती जागा डोळ्यांस जवळजवळ दिसत नाही. परंतु तेथे पुढे रंग लावला, तर कागद तो अधिक पितो आणि काळपट डाग पडतो. नीट खोडून पुन्हा सुबक काढणाऱ्या मुलीचे चित्र न खोडणाऱ्या मुलाच्या चित्राहून घाणेरडे दिसते, त्याचे कारण हे आहे. असे डाग पाहून ज्यांनी गुण कापले असतील, त्यांनी एकदा रिकामी जागा खोडून तिच्यावर रंगाचा हात फिरवून पाहावा.

शाईचे तीन प्रकार वेगवेगळे तपासावेत. शाईपेनची शाई व स्केचपेनचा रंग हे दोन्ही पाण्यातले असल्याने खळ कमी असेल तेथे तंतूंच्या वाटेने फुटतात आणि रेघेला केस येतात. स्केचपेनने एकाच जागी तीनदा फिरविले, तर हलके पान झिजून लगदा होतो. पुसल्या न जाणाऱ्या मार्करचा रंग पाण्यात नसतो, तो स्पिरिटसारख्या द्रवात असतो. खळ पाण्याला अडविते, या द्रवाला अडवीत नाही. म्हणून उत्तम कागदावरही मार्कर मागच्या पानापर्यंत पोहोचतो. राहिले बॉलपेन. त्याची शाई तेलकट व घट्ट असते, त्यामुळे ती फुटत नाही, पाण्याने सहसा पसरत नाही आणि समोरच्या पानावर उमटत नाही. दाब पडून पाठीमागे वळ उठतात, एवढाच दोष. बॉलपेन चित्रकलेस वर्ज्य आहे असा समज शाळांतून रुजला आहे. त्याला आधार नाही. ते खोडता येत नाही हा तर गुणच मानावा, कारण खोडता न आल्याने मूल आधी पाहते, मग रेघ ओढते.

मेणखडू हलक्या कागदावरही समाधान देतात. मेणाला पाणी चालत नाही, म्हणून मेणखडूच्या चित्रावर पातळ जलरंग फिरविला की रंग मेणावरून ओघळतो व मोकळ्या जागेत बसतो. मुलांस हा खेळ फार आवडतो. मात्र थेंबाच्या कसोटीत उतरलेल्या कागदावरच तो करावा. ऑइल पेस्टलमध्ये तेल असते. ते आज काही दाखवीत नाही, पण आठ-पंधरा दिवसांनी पानाच्या मागे भज्याच्या कागदासारखा पारदर्शक डाग दिसू लागतो. चौकटीवर तारीख लिहावयाची ती अशाच गोष्टींसाठी.

जलरंग व पोस्टर रंग यांचा निर्णय जाडीवर अवलंबून आहे. 60-70 ग्रॅमचा कागद ओला होताच सुरकुततो, आणि खळगे पडले की रंग त्यांत जमून वाळतो. पाटीच्या आकाराचा कागद फळीला चारी बाजूंनी चिकटवून ताणता येतो. शिवलेली वही ताणता येत नाही. तेव्हा पातळ कागदाच्या लहान वहीत जलरंगाचा आग्रह धरूच नये. दीडशे ग्रॅमच्या आसपासचा कागद असल्यास ब्रश निपटून, थोड्या पाण्याने काम करता येते.

आता घरचे रंग. गेरू, कोळसा, हळद आणि तांदळाचे पीठ प्रत्येक पाड्यावर मिळते, आणि ज्या घरात रंगपेटी येणे शक्य नाही त्या घरातले मूल या रंगांत मागे राहत नाही. गेरूचा रंग लोहाच्या गंजाचा, म्हणून उन्हाने तो उडत नाही. मात्र नुसत्या पाण्यात कालविलेला गेरू वाळला की भुकटी होऊन झडतो. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून फडक्याने गाळावा आणि त्यातला थोडा गेरूत मिसळावा. वाळल्यावर बोट फिरवून पाहावे: बोटास रंग लागला तर डिंक कमी, रंग चकाकून त्याला भेगा पडल्या तर डिंक जास्त. एका चौकटीत विनाडिंकाचा, दुसरीत डिंकाचा, असे दोन्ही नमुने ठेवले म्हणजे डिंक कशासाठी हे सांगावे लागत नाही. हळदीत चुन्याची निवळी टाकताच ती लाल होते, हेही याच ओघात दाखवावे. हळदीचा पिवळा रंग मात्र उन्हात फार लवकर उडतो. तुराट्यांचे लहान तुकडे झाकणाला बारीक छिद्र पाडलेल्या डब्यात घालून, धूर थांबेपर्यंत चुलीत ठेवले व थंड झाल्यावर काढले, की चित्राचा कोळसा तयार होतो. हे काम शिक्षकानेच करावे. कोळसा मोठ्या कागदावर व भिंतीवर शोभतो. मिटणाऱ्या वहीत तो सर्वांत वाईट ठरतो.

तांदळाच्या पिठाची गोष्ट शिकण्यासारखी आहे. वारली चित्रे मूळची गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवरची, लग्नप्रसंगी स्त्रियांनी काढलेली. भिंत वाकत नाही, दुमडत नाही, आणि चित्र वर्षानुवर्षे टिकावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. 1970 नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने वारली चित्रकारांच्या हाती कागद आला. गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांची चित्रे त्यानंतर देशोदेशी गेली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गंजाड त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. 1 ऑगस्ट 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. भिंतीवरून कागदावर येताना पिठाला चिकटपणा लागतो आणि कागदाला पोत लागतो. पिठाचा जाड थर पातळ पानावर दिला, तर पान वाकताच पापुद्रे सुटतात. गेरूचा हात देऊन वाळविलेल्या जाड पानावर, डिंक मिसळलेल्या पातळ पिठाने, बांबूची काडी ठेचून केलेल्या कुंचल्याने रेघ ओढावी, ती राहते.

चौकट भरली म्हणजे परीक्षा संपत नाही. प्रत्येक चौकट चार वेळा पाहावी: लगेच, वाळल्यावर, पान उलटून, आणि वही मिटून आठ दिवस विटेखाली दाबून ठेवल्यानंतर. काय दिसले ते मुलांच्याच शब्दांत लिहावे. फुटला, झिरपला, उमटला, सुरकुतला, झडला, उडाला हे सारे शब्द त्यांच्या बोलण्यात आहेत, आणि त्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. ‘खराब झाला’ हा शब्द चालवून घेऊ नये. कसा खराब झाला ते विचारावे. भाषेचा असा पाठ पुस्तकात मिळत नाही.

उन्हाची परीक्षा वेगळ्या पट्टीवर घ्यावी. सर्व रंगांच्या आडव्या रेघा असलेल्या पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून ती महिनाभर उन्हाच्या खिडकीत टांगावी. पुठ्ठा काढल्यावर हळद व बरेचसे स्केचपेनचे रंग फिके झालेले, आणि गेरू, कोळसा व पेन्सिल होती तशीच, असे आढळेल. शेजारी वर्तमानपत्राचा तुकडा टांगला, तर कागद स्वतःच पिवळा पडतो हेही कळेल.

ऋतूचा विचार तर करावाच लागेल. आषाढात सह्याद्रीच्या पायथ्याच्या शाळेत हवाच इतकी दमट असते, की जी वही माघात उत्तम उतरली तीच सर्दावते, रंग दिवसभर वाळत नाही आणि मिटलेली पाने एकमेकांस चिकटतात. म्हणून एकच परीक्षा पावसाळ्यात एकदा व हिवाळ्यात एकदा घ्यावी. कोऱ्या वह्या भिंतीला लागून ठेवू नयेत. पत्र्याच्या पेटीत, खाली फळी देऊन ठेवाव्यात.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी जी मुले स्थलांतराला जाणार असतील, त्यांच्या वह्यांची व्यवस्था आधी लावावी. अशा मुलास एचबी पेन्सिल, एक बॉलपेन आणि मेणखडूचे तीन-चार तुकडे पुरतात. उजव्या हाताच्या पानावरच चित्र काढावे आणि डावे पान कोरे सोडावे, म्हणजे उमटण्याची भीती अर्धी होते. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिला दोरी बांधून द्यावी. शिक्षण हमी कार्डावर मूल कोणत्या इयत्तेत आहे हे लिहिलेले असते. भट्टीवर त्याने काय पाहिले हे त्यात येत नाही. वही हरवली, भिजली किंवा चुलीत गेली, तर रागावू नये. ज्या झोपडीत अंथरुणाला जागा नसते, तेथे वही सहा महिने जपणे मोठ्यांनाही कठीण जाते.

जूनमध्ये वही परत आली की प्रथम शेवटची कसोटीची पाने उघडावीत आणि नोव्हेंबरात लिहिलेल्या शब्दांखाली आज काय दिसते ते मुलानेच लिहावे. बाकीची पाने त्यानंतर त्याने स्वतःच्या हाताने उलटून वर्गाला दाखवावीत.